कागद कोणाचा?

गेल्या आषाढांत आमची मोटार विक्रेत्याकडे सर्व्हिसिंगला दिली होती. परत आली ती एका तपासणी-कागदासह : ‘पुढील दोन्ही टायर घासलेले, खांच १ मिलिमीटर, त्वरित बदलावे.’

कायद्यानें ही खांच १.६ मिलिमीटरांहून कमी चालत नाहीं. वहिनींनीं मुलांना गाडींत बसण्याची मनाई केली, ती योग्यच. दादा म्हणाले, “पैसे देऊन मोकळा हो.” मीं मात्र टायर पाहिले. खांचांच्या तळाशीं आडवे उंचवटे असतात; नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली, कीं टायर संपला समजावें. (वाचकांनीं आपल्या गाडीचे अवश्य पाहावे.) आमची नक्षी त्यांच्या बरीच वर होती. मग कागद नीट वाचला. क्रमांक आमचा, पण अंतर ६१,००० किलोमीटर! आमची गाडी अवघी १४,००० चाललेली.

दुसऱ्या दिवशीं छायाचित्रें व लेखी तक्रार घेऊन गेलों. व्यवस्थापक गोड हंसून म्हणाले, “राहूं द्या, टायर बदलूं नका म्हणजे झालें.” दप्तरांतील नोंद दुरुस्त करून सहीशिक्क्याचा नवा कागद घेतल्याशिवाय मी उठलों नाहीं. ग्राहक-संरक्षण कायद्याचें, २०१९ सालच्या, नांवही काढावें लागलें नाहीं.

जिना उतरतांना मनांत आलें, तो कागद आमचा नव्हे, तर कोणाचा? कोणी गृहस्थ आमचा निर्दोष कागद खिशांत घालून भर पावसांत हिंडत असतील! तसाच परत वर गेलों. तासाभरानें नांव सांपडलें, फोन लागला. ते सहकुटुंब खंडाळ्याच्या घाटाखालीं चहाला थांबले होते.