हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

ठाण्याच्या आमच्या घराला छोटं अंगण होतं. त्यात एक तगर, दोन जास्वंदी आणि आजीने जिवापाड जपलेला मोगरा. रोज पहाटे कॉलनीतले एक काका पिशवी घेऊन यायचे आणि कुंपणावरून वाकून हाताला लागतील तेवढी फुलं काढून न्यायचे. एकदा आजीने हटकलं, तर काका दुखावल्या स्वरात म्हणाले, "अहो, देवासाठीच तर नेतोय!" आजी म्हणाली, "मग पूजा करताना देवाला सांगा, फुलं शेजारची आहेत."

हे आठवायचं कारण म्हणजे, मागच्या हिवाळ्यात इथे अ‍ॅम्स्टेलव्हीनमध्ये बसून मी युरोपातल्या एका मराठी मंडळाचं संकेतस्थळ उघडलं आणि तिथे माझाच लेख भेटला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. वर लेखकाचं नाव होतं: 'अ‍ॅडमिन'. दुवा कुठेच नव्हता. खाली मंडळाच्या कार्यक्रमाची आणि एका मसालेवाल्याची जाहिरात होती.

मंडळाचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका मंडळाचा नाही. जगभरातल्या मराठी मंडळांची, गटांची, हौशी 'पोर्टलां'ची ही सवय झाली आहे. दुसऱ्यांच्या ब्लॉगची फीड जोडायची, एक प्लगिन बसवायचं आणि आपलं पान आपोआप भरत राहील अशी सोय करायची. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आम्ही तर मराठीची सेवा करतोय." म्हणजे देवासाठीच तर नेतोय!

आधी माझं नुकसान काय झालं ते सांगतो. लेख भारतीय वाहन परवान्याबद्दल होता. नेदरलँड्समध्ये राहायला आल्यावर आपला भारतीय परवाना १८५ दिवस चालतो. '३० टक्के रूलिंग'ची करसवलत मिळालेल्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना तो नगरपालिकेत देऊन डच परवाना घेता येतो. बाकीच्यांना सीबीआरची लेखी परीक्षा आणि गाडी चालवण्याची परीक्षा नव्याने द्यावी लागते. पहिल्या मसुद्यात मी घाईत लिहून बसलो की परवाना सगळ्यांनाच बदलून मिळतो. त्याच रात्री एका मित्राने चूक दाखवली आणि मी दुरुस्त केली. पण मंडळाच्या पानावर चुकीचा मसुदा तसाच राहिला, कित्येक महिने. दिवाळीच्या कार्यक्रमात एक तरुण भेटला. शिकायला आलेला, इथेच नोकरीला लागलेला, रूलिंग नसलेला. परवाना कधीही बदलून मिळेल या भरवशावर तो आठव्या महिन्यातही मित्राची गाडी चालवत होता. "मंडळाच्या साइटवर वाचलं होतं," तो म्हणाला. त्या काळात त्याच्या हातून अपघात झाला असता तर विमा कंपनीने काय उत्तर दिलं असतं, याचा विचार करून बघा. ती चूक माझी होती, ती सुधारणंही माझंच काम होतं आणि ते मी केलंही होतं. पण नकलेपर्यंत माझा हात पोचत नव्हता.

हे का होतं, ते समजून घ्यायला हवं. फीड म्हणजे ब्लॉगने स्वतःबद्दल ठेवलेली यादी: नवं काय लिहिलं, केव्हा लिहिलं, कुठे आहे. वाचकाचा फीड-रीडर ती यादी अधूनमधून तपासतो आणि नवं काही आलं की कळवतो. हे तंत्र, म्हणजे आरएसएस (आपल्याकडे हे अक्षरत्रय उच्चारलं की लोकांना नागपूर आठवतं, पण हे वेगळं), १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत जन्माला आलं. ते घडवणाऱ्यांत रामनाथन गुहा हे भारतीय वंशाचे संगणकतज्ज्ञ होते. त्याचा हेतूच मुळी दुसऱ्या संकेतस्थळांवरचे मथळे नेटस्केपच्या पानावर दाखवणं हा होता. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक नोंदीत दोनच गोष्टी असत, मथळा आणि दुवा. पूर्ण मजकूर फीडमध्ये घालायची पद्धत नंतरची. ती आली वाचकाच्या सोयीसाठी, त्याला आगगाडीत बसून निवांत वाचता यावं म्हणून. अनेक प्लगिन मात्र हा मजकूर उचलून आपल्या साठ्यात स्वतंत्र लेख म्हणून जमा करतात, आणि एकदा जमा केला की मूळ लेखात काय बदललं ते पुन्हा बघत नाहीत.

तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारायचं आपण थांबवू या. मथळा, लेखकाचं नाव, दोन ओळी आणि दुवा दाखवणं ही एक गोष्ट. अख्खा लेख आपल्या पानावर ओतणं ही दुसरी. पहिली म्हणजे पाहुण्याला शेजाऱ्याचं घर दाखवणं. दुसरी म्हणजे शेजाऱ्याचं सामान आणून आपल्या दिवाणखान्यात मांडणं.

पहिल्या गोष्टीचा मी कट्टर समर्थक आहे, आणि तिची लढाई याच देशात लढली गेली आहे. क्रांटेन डॉट कॉम नावाचं एक डच संकेतस्थळ रोज वेगवेगळ्या वर्तमानपत्रांचे मथळे एका पानावर लावायचं. मथळ्यावर टिचकी मारली की वाचक थेट त्या बातमीवर पोचायचा. पीसीएम समूहाची वर्तमानपत्रं कोर्टात गेली. तक्रार अशी, की वाचक आमचं मुखपृष्ठ आणि त्यावरच्या जाहिराती टाळून आत शिरतो. २२ ऑगस्ट २००० रोजी रॉटरडॅमच्या न्यायालयाने ही मागणी फेटाळली. मोठ्या वर्तमानपत्रांनी छोट्या दुवेवाल्याला दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला, हे उत्तमच झालं. पुढे २०१९ च्या युरोपीय निर्देशाने वृत्तप्रकाशकांना नवा हक्क दिला, तेव्हाही दुवे आणि अगदी छोटे उतारे त्यातून वगळले.

आपल्याकडेही हे चांगल्या रीतीने चालत होतं. मराठीब्लॉग्स डॉट नेटवर ब्लॉगर स्वतः नोंदणी करायचे. तिथे नव्या लेखांचे मथळे दिसायचे आणि टिचकी मारली की तुम्ही लेखकाच्या घरी पोचायचात. परदेशात एकटं बसून लिहिणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी जणांना पहिले वाचक तिथून मिळाले.

दुसऱ्या गोष्टीबद्दलही कायदा संदिग्ध नाही. जर्मनीतल्या वाल्ट्रॉप गावच्या एका शाळकरी मुलीने प्रवासविषयक संकेतस्थळावरून कोर्दोबा शहराचा फोटो उतरवून घेतला, आपल्या प्रकल्पात लावला, आणि तो प्रकल्प शाळेच्या संकेतस्थळावर चढला. फोटो मूळ जागी सर्वांना फुकट दिसत होता. शाळेला त्यातून एक पैसा मिळणार नव्हता. मुलीने मूळ ठिकाणाचा उल्लेखही केला होता. तरीही ७ ऑगस्ट २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितलं की दुवा देणं वेगळं आणि नक्कल आपल्या सर्व्हरवर चढवणं वेगळं. नकलेसाठी छायाचित्रकाराची परवानगी हवी, कारण उद्या त्याने मूळ फोटो काढून टाकला तरी नक्कल तिथेच राहील आणि त्याचा ताबा सुटलेला असेल. माझ्या परवान्याच्या लेखाचं नेमकं हेच झालं. शाळकरी मुलीने निदान उल्लेख तरी केला होता, आमच्या मंडळाला तेवढंही जमलं नाही. लेखकाचं नाव राखण्याचा हक्क डच कायद्याच्या २५ व्या कलमात आहे आणि भारतीय कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमातही.

आता नेहमीचे बचाव.

"फीड तर तुम्हीच उघडी ठेवलीत." हो, वाचायला ठेवली. वाचनालयात पुस्तक उघड्यावर असतं म्हणून त्याची नवी आवृत्ती काढायची मुभा मिळत नाही. "मग फीडमध्ये सारांशच द्या ना!" म्हणजे चोर येतो म्हणून मी माझ्या प्रामाणिक वाचकाचं ताट अर्धं करू?

"आम्ही नफा कमवत नाही." नसाल. पण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून दानशूर होता येत नाही. द्यायचंच असेल तर स्वतःचं काहीतरी द्या.

"तुम्हाला प्रसिद्धी मिळते." 'अ‍ॅडमिन' या लेखकाला मिळाली असेल कदाचित.

"ब्लॉग बंद पडतात, आम्ही साहित्य जपतो." हा बचाव मात्र मी गंभीरपणे घेतो. मराठी ब्लॉग खरंच नाहीसे होतात आणि ते जपायला हवेत. हेगमधलं राष्ट्रीय ग्रंथालय २००७ पासून डच संकेतस्थळं जतन करतं आहे. पण ते आधी मालकाला कळवतं आणि नको म्हणायची संधी देतं. राष्ट्रीय ग्रंथालयाला एक पत्र पाठवणं जमतं, तर मंडळाच्या कार्यकारिणीला एक ईमेल का जमू नये?

आणि नावाचा मुद्दा निघालाच आहे, तर आपल्या संतांकडे बघा. त्यांच्या काळी ना कॉपीराइट होता ना सर्व्हर. अभंग एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायचे. म्हणून त्यांनी नाव रचनेच्या आतच ओवलं. तुकोबांचा अभंग कुणीही कुठेही गावा, शेवटी 'तुका म्हणे' येतंच. नाथांच्या रचनेत 'एका जनार्दनी' येतंच. चारशे वर्षं वारकरी हे अभंग गात आले, कुणी कुणाला परवानगी मागितली नाही, तरी नाव गळलं नाही. फीडच्या प्रत्येक नोंदीतला लेखक आणि दुवा ही आमची नाममुद्रा आहे. 'तुका म्हणे' पुसून तिथे 'अ‍ॅडमिन म्हणे' लिहिणाऱ्याला भक्त कसं म्हणायचं?

पण सगळ्यात मोठं नुकसान माझं नाही, मंडळाचंच आहे. पान आपोआप भरायला लागल्यापासून त्या मंडळाने कुणालाही "तू लिही" म्हटलेलं नाही. आइंडहोव्हनला एएसएमएल आणि फिलिप्समध्ये आलेल्या आपल्या माणसांनी शनिवारची मराठी शाळा कशी उभी केली, पहिली गणेशमूर्ती कुणाच्या सामानातून आली, डच सासूने मोदकाला कळ्या कशा पाडल्या, हे लिहायला कुणी बाहेरचा येणार नाही. ते तुमच्याच सभासदांच्या डोक्यात आहे आणि त्यांच्याबरोबर जाणार आहे. रिकामं पान टोचतं, म्हणून माणूस कुणालातरी लिहायला बसवतो. तुम्ही ती टोचणीच घालवलीत.

माझा लेख तीन आठवड्यांनी आणि चार ईमेलांनंतर निघाला. 'गैरसमज झाला असल्यास क्षमस्व' असं उत्तर आलं. गैरसमज मुळीच झाला नव्हता.

मागणी साधी आहे. मथळा घ्या, नाव घ्या, दोन ओळी घ्या, दुवा द्या, आणि यासाठी मला विचारूही नका. पूर्ण लेख हवा असेल तर विचारा, आणि मी दुरुस्ती केली की तुम्हीही करा. काढायला सांगितला तर त्याच दिवशी काढा.

ठाण्याचे काका पुढे सुधारले. कुंपणावरून वाकायचं सोडून फाटकाशी उभे राहून हाक मारू लागले. मग आजीच त्यांच्यासाठी परडी भरून ठेवायची, वर मोगऱ्याच्या चार कळ्या जास्तीच्या.