वणव्याचे वैर कोणी केले?

सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सेक्वॉया राष्ट्रीय उद्यानात अग्निशमन दलाच्या जवानांनी एका वृक्षाच्या बुंध्याला ॲल्युमिनियमचे अग्निरोधक वेष्टन गुंडाळले. वणवा जवळ येऊन ठेपला होता. तो वृक्ष म्हणजे विख्यात ‘जनरल शर्मन’. त्याची उंची २७५ फूट, तळाशी व्यास ३६ फूट आणि खोडाचे घनफळ सुमारे ५२ हजार घनफूट. एकखोडी वृक्षांत आकारमानाने याहून मोठा जिवंत वृक्ष पृथ्वीतलावर ज्ञात नाही. त्याचे वय सुमारे २,२०० वर्षे मानले जाते. तोडलेल्या काही सेक्वॉयांच्या बुंध्यांवर तर ३,२०० हून अधिक वर्तुळे मोजली गेली आहेत.

इतकी शतके ज्याने असंख्य वणवे पचविले, त्याला आज वेष्टनाची गरज का भासावी?

सेक्वॉया आणि अग्नी यांचे नाते वैराचे नव्हेच. या वृक्षाची साल दोन फुटांपर्यंत जाड असते आणि ती सहजासहजी पेट घेत नाही. त्याची फळे वर्षानुवर्षे मिटलेली राहतात. खालच्या आगीची धग लागली की ती उमलतात आणि जळून मोकळ्या झालेल्या भूमीवर बी पडते. विजेमुळे लागणाऱ्या आणि तेथील आदिवासी हेतुतः लावीत त्या लहान आगी दर दहावीस वर्षांनी रान झाडून काढीत असत.

एकोणिसाव्या शतकात लाकूडतोड्यांनी या वृक्षांचा संहार केला. ठिसूळ लाकूड पडताच फुटे. हजारो वर्षांच्या वाढीतून निघाले काय, तर कुंपणाचे खांब आणि छपराच्या फळ्या! १८९० साली राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, हे इष्टच झाले. परंतु संरक्षण म्हणजे प्रत्येक आग विझविणे, अशी समजूत रूढ झाली आणि दाट झुडपे व वाळका पाला साचत गेला. शास्त्रज्ञांनी ही चूक दाखवून दिल्यावर १९६० च्या दशकात नियंत्रित जाळणीस आरंभ झाला. मात्र तिचा आवाका तोकडाच राहिला. दुष्काळाने शुष्क झालेल्या त्या रानांत २०२० आणि २०२१ साली भीषण वणवे पेटले. त्यांत मोठ्या सेक्वॉयांपैकी १३ ते १९ टक्के वृक्ष नष्ट झाल्याचा अंदाज आहे.

येथे दोष हेतूचा नव्हे, हिशेबाच्या पद्धतीचा आहे. लावलेली आग आवाक्याबाहेर गेली, तर अधिकाऱ्यास जाब विचारला जातो. न लावलेल्या आगीचा जाब वीस वर्षांनी कोणीही विचारीत नाही. साहजिकच स्वस्थ बसणे सुरक्षित ठरते. ‘जनरल शर्मन’च्या परिसरात मात्र अनेक दशके नियंत्रित जाळणी झाली होती. तो वाचला, त्याचे श्रेय वेष्टनापेक्षा या जाळणीकडे अधिक जाते. वेष्टनाची छायाचित्रे जगभर छापून आली. रान साफ ठेवणाऱ्यांचे नाव कोणी घेतले नाही.

ज्याचे रक्षण करावयाचे त्याचा स्वभाव आधी जाणून घेतला पाहिजे. एरवी रक्षकाचा सद्हेतूही कुऱ्हाडीइतकाच घातक ठरतो.