'बसतंय ना साहेब!'

अलॉय व्हील्स घ्यायला गेलात की टायरवाल्याचं एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "बसतंय ना साहेब, मग झालं की!" नाही हो, नाही झालं. कोड कंपाइल झाला म्हणजे प्रोग्रॅम बरोबर, असं आपल्यापैकी कोणी म्हणेल का?

गणित शाळकरी आहे. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिमी, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. एकूण व्यास साधारण ६२२ मिमी. रिम १६ इंची केली आणि टायर १९५/५५ घेतला, तर व्यास ६२१. झकास! पण 'भारी दिसतं' म्हणून २०५/६० चढवला की थेट ६५२. म्हणजे ५ टक्के जास्त. मीटर १०० दाखवणार तेव्हा गाडी आधीपेक्षा ५ ने जोरात पळत असणार. वर वळताना टायर आत कुठे घासला तर तो बोनस.

व्यास जुळला तरी लोड इंडेक्स बघाच. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. १८५/६५ वर सहसा ८८ असतो, १९५/५५ वर बऱ्याचदा ८७. मूळ आकड्यापेक्षा कमी नकोच. शिवाय भिंत १३ मिमीने कमी झाली, म्हणजे खड्ड्यातला दणका रिमला जास्त.

तेव्हा आधी दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा, मग पाकीट काढा. टायरवाल्याला फक्त टायर बसवायचाय. गाडीत बसणार आहेत तुमचे आईबाबा!