इंग्रजी व्याकरणाचा मधला टप्पा

पहिलीपासून हिंदी शिकविण्याचा शासननिर्णय एप्रिल 2025 मध्ये निघाला आणि जूनअखेर मागेही घेतला गेला. त्या अवधीत कोणती भाषा आणि कोणत्या इयत्तेपासून, यावर पुष्कळ रण माजले. ती कशी शिकवावयाची, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. इंग्रजीच्या बाबतीत पूर्वी हेच घडले होते. 2000 साली मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले. त्याआधी ते पाचवीपासून असे. सहा वर्षांची दहा वर्षे झाली. तथापि दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा चार ओळींचा अर्ज इंग्रजीत लिहावयास बसला की अडखळतो, ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत अजून ऐकू येतेच.

तो नेमका कोठे अडखळतो, हे पाहण्यासारखे आहे. साधा वर्तमानकाळ, साधा भूतकाळ एवढी पायरी तो चढतो. कर्तरीचे कर्मणी करणेही त्याला जमते, कारण ते काम यांत्रिक असते. घसरगुंडी होते ती मधल्या टप्प्यावर. आणि तेथील चुका अज्ञानातून होत नाहीत, मराठीचे नियम चोख पाळल्यामुळे होतात. 'गेल्या वर्षी मी ते पुस्तक वाचले आहे' हे निर्दोष मराठी वाक्य आहे. शब्दशः उतरविले की त्याचे 'आय हॅव रेड दॅट बुक लास्ट इयर' होते. इंग्रजीतील हा 'हॅव' गतकाळाचा निश्चित निर्देश शेजारी खपवून घेत नाही. आपण मात्र मुलांना 'पूर्ण वर्तमानकाळ म्हणजे ला आहे, ली आहे' एवढेच सांगून मोकळे होतो, म्हणजे चूक आपणच हाती देतो. 'पासून'चेही तसेच. 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून' यांत मराठी भेद करीत नाही. इंग्रजी पहिल्यास 'सिन्स' व दुसऱ्यास 'फॉर' मागते. शिवाय आपण 'येथे दहा वर्षांपासून राहतो' असे साध्या वर्तमानात म्हणतो, ते तिला चालत नाही.

सर्वांत अवघड प्रकरण 'ए' आणि 'द' यांचे. मराठीत उपपदे नाहीत, सबब ती पाठ करावीत, असे सांगण्याची रूढी आहे. ते अर्धेच खरे. 'मी शिक्षक शोधतो आहे' आणि 'मी शिक्षकांना शोधतो आहे' ही वाक्ये ऐका. पहिल्यात कोणी तरी शिक्षक हवा आहे. दुसऱ्यात ठाऊक असलेले, बहुधा वर्गातून नुकतेच बाहेर गेलेले गुरुजी आहेत. इंग्रजीत पहिल्याला 'ए' लागेल, दुसऱ्याला 'द'. हा भेद मराठी मुलाच्या कानाला शाळेत येण्यापूर्वीच कळतो. त्याला तो कळतो, हे त्याला कोणी सांगत नाही. वस्तूंच्या बाबतीत ही खूण नेहमी चालत नाही हे खरे, पण दार उघडावयास ती पुरेशी आहे.

इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द उच्चारू नये, असा आग्रह धरणारे येथे हरकत घेतील. लहान वर्गांत, कान तयार करावयाचा असतो तेव्हा, त्यांचे म्हणणे मलाही मान्य आहे. परंतु सहावी-सातवीनंतर मुलगा मनातल्या मनात मराठीशी तुलना करतोच. ती त्याने चोरून करावी की शिक्षकाच्या देखत, एवढाच प्रश्न उरतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने ही तुलना उघडपणे केली. तिच्यात बोलण्याला वाव नव्हता, हा दोष खराच; पण तो काढताना तुलनाही टाकून दिली गेली. तिच्याऐवजी हाती येणारा रेन आणि मार्टिन यांचा 1930च्या दशकातील जाडजूड ग्रंथ मुळात भारतात राहणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेला. ज्यांना 'ए' आणि 'द' घरीच मिळाले, त्यांच्यासाठी केलेली व्यवस्था सातारच्या वा परभणीच्या मुलास कशी पुरी पडावी?

यासाठी नवा अभ्यासक्रम नको. शिक्षक-प्रशिक्षणात मराठी व इंग्रजी व्याकरण शेजारी ठेवून पाहण्याचे काही तास, आणि सातवीच्या पुस्तकात प्रत्येक धड्यामागे 'मराठीत आपण असे म्हणतो' अशी अर्धी पानभर नोंद, एवढे पुरे. अडचण आहे ती परीक्षेची. स्पर्धा परीक्षांतील इंग्रजीचे प्रश्न बहुपर्यायी असतात, त्यामुळे 'सिन्स' की 'फॉर' हे ओळखण्यावर शिकवण्यांचा व्यवसाय उभा आहे. आणि चार पर्यायांतून अचूक खूण करणारा उमेदवार नोकरीत रुजू झाल्यावर रजेचा अर्ज शेजाऱ्याकडून लिहून घेतो.