पंधरा टक्के कुठं जिरले?

तुमच्या शहरात गाडी उभी करायला तासाला किती रुपये घ्यायचे यावर सभागृहं दणाणतात. दणाणू द्या. ज्याला गाडी आहे त्याचा तो सवाल. मी हे मेडशीत बसून लिहितोय, अकोला-वाशीम रस्त्याच्या कडेला. आपल्या माणसाचा सवाल गाडीचा नाही, तरटाचा आहे. आठवडी बाजारात सांबाराच्या चार जुड्या घेऊन बसलेली म्हातारी तरटाएवढ्या जागेचे पैसे मोजते. त्या वसुलीचा हर्रास होतो, ठेकेदार पावती फाडतो, पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात जातो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, तीच वाट.

आता नियम ऐका. या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे. १० टक्के महिला-बालकल्याणावर, ५ टक्के अपंगांवर. ही भीक नाही. म्हातारीनं भरलेल्या पैशातला तिचा वाटा आहे. वसुली दहा लाख धरा, दीड लाख वस्तीचे. कुठं गेले?

मागं एका ग्रामसभेत मी उभा राहून हेच विचारलं. गावाचं नाव लिहीत नाही, तुमच्या गावाचं टाका, बसेल. उत्तर आलं, "समाजमंदिराले रंग देल्ला ना भाऊ!" त्याच्या आदल्या वर्षी? तवाही रंगच. भिंतीवरचा निळा तोच, पोपडे तेच, बिल मात्र नवं. मागून एकजण ओरडला, "मुंबईहून लय शिकून आला काय बे?" सभा हसली. आपली चार पोरंही हसली. ते हसणं मला जास्त लागलं.

कचऱ्याचं बघा. पंधराव्या वित्त आयोगानं २०२०-२१ पासून गावाला पैसा दिला, त्यातला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला. म्हणजे पैसा नव्हता ही थाप चालणार नाही. पण घंटागाडी वळते कुठून? जिथून रस्ता सिमेंटचा संपतो तिथून. आणि रिकामी होते कुठं? गावकुसाच्या पलीकडं, उताराला, आपल्या दाराशी. कचरा उचलणारा कोण, त्याची जात विचारायची गरज कुणाला पडत नाही, सगळ्यांना पाठ आहे. शेंडगावचा परीट बाबा हातात खराटा घेऊन वऱ्हाडातली गावं झाडत फिरला. सरकारनं त्याच्या नावानं स्वच्छता अभियान काढलं, बक्षिसं लावली. तपासणीचं पथक यायच्या दिवशी फोटोपुरता खराटा धरणारे हात आणि बाकीचे ३६४ दिवस धरणारे हात, एवढा फरक तेवढा त्या फोटोत येत नाही.

कुणी म्हणेल, कागदाचं एवढं काय घेऊन बसलास? महाड आठवा. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ ला पास झाला. महाड नगरपालिकेनं जानेवारी १९२४ मध्ये तळं खुलं असल्याचा ठराव केला. तीन वर्षं तो दप्तरात कुजला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्या कागदाला पाणी लागलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं तोच ठराव रद्द करून टाकला! मग कोर्ट, आणि निकाल १९३७ ला. म्हणजे सनातन्यांना कागदाची ताकद आपल्याआधी कळली होती. १९३२ साली ग्रामपंचायतीच्या बिलावर बाबासाहेब कौन्सिलात भांडले ते याचसाठी. राखीव जागेशिवाय पंचायत म्हणजे गावच्या बहुसंख्येच्या हातात दिलेली काठी, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता राखीव जागा मिळाल्या. आपला माणूस सरपंचाच्या खुर्चीत बसला. बसला, आणि शिक्का? तो पाटलाच्या वाड्यावर. सगळीकडं असं नाही, मला भांडणारे सरपंच आणि विशेषतः भांडणाऱ्या बाया माहीत आहेत. पण सही करून घरी येणाऱ्यांना आपण किती वर्षं 'आपला' म्हणून झाकणार?

आणि दोष आपल्यावरही घेतो. आपण ग्रामसभेला जात नाही. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल तेवढी लागतात. तेवढी जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही! मग सातजण बसतात, चहा पितात, अंदाजपत्रक वाचलं असं लिहितात. हा डाव उघड्यावर चालतो आणि आपण मुंबईत बसून व्यवस्थेवर कविता करतो. मीही केल्या. वाईट नव्हत्या. पण त्या वाचून कुणाच्या दारातला उकिरडा हलला नाही.

तेव्हा सुटीला गावी जाल तेव्हा जयंतीच्या वर्गणीआधी एवढं मागा. नमुना १, म्हणजे अंदाजपत्रक. नमुना ५, रोकडवही. १५ टक्क्यांच्या खर्चाची बिलं. दिली नाहीत तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अर्ज. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या रंगाच्या बिलांसाठी मी अर्ज टाकलाय. ग्रामसेवक म्हणाला, "झेरॉक्स बंद हाय." मी म्हटलं, बसतो, हातानं उतरवून घेतो. वही आणली आहे.