तेल कोणाचे, वकील कोणाचा?

बी. ए.च्या शेवटच्या वर्षात पाऊल टाकले की नातेवाइकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "पुढे काय?" उत्तरेही ठरलेली. बी. एड., स्पर्धा परीक्षा, नाहीतर बँक. कोणी कायद्याचे नाव काढलेच, तर शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ऐकवली जाते. अशा वातावरणात "मला तेल आणि वायूच्या कायद्याचा वकील व्हायचे आहे" असे मी म्हणतो, तेव्हा मित्र हसतात. "तेलाला कसला वकील? आणि आपल्या कला शाखेचा त्याच्याशी संबंध काय?" संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे, असे माझे मत आहे.

जमिनीखालचे तेल कोणाचे, हा या कायद्यातला पहिला प्रश्न. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल येथे १८५९ साली तेलाची विहीर यशस्वी झाली आणि पुढे तेथील न्यायाधीशांपुढे एक नवीच अडचण उभी राहिली. तेल व वायू जमिनीखाली स्वस्थ बसत नाहीत. एकाच्या शेताखालून दुसऱ्याच्या शेताखाली सरकतात. १८८९ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची तुलना रानातल्या जनावरांशी केली. ज्याच्या हाती लागेल, त्याचे! मग शेजाऱ्याने उपसण्याआधी आपण उपसावे, म्हणून जो तो विहिरी खणू लागला.

आपल्या देशाने निराळा मार्ग धरला. घटनेच्या २९७ व्या कलमाप्रमाणे सागरी हद्दीतील समुद्रतळाखालची खनिज संपत्ती केंद्र सरकारच्या ठायी आहे. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ साली 'बॉम्बे हाय'चे तेल सापडले, ते याच न्यायाने राष्ट्राचे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूवरून अंबानी बंधूंच्या कंपन्यांत वाद झाला, तेव्हा २०१० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा सांगितले. कुटुंबातील समझोता काहीही असो, वायूची किंमत आणि वाटप सरकारी धोरणाच्या चौकटीतच व्हावयास हवे. म्हणजे ज्याला आपण रुक्ष कायदा म्हणतो, त्याच्या तळाशी मालकी, राष्ट्र आणि व्यक्ती यांचे तेच प्रश्न आहेत, जे आपण राज्यशास्त्राच्या तासाला वहीत उतरवून घेतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी इराणकडे पाहावे. १९०१ साली विल्यम नॉक्स डार्सी याने तेथील शहाकडून साठ वर्षांसाठी तेलाचा मक्ता मिळवला. इराणला निव्वळ नफ्यातील सोळा टक्के मिळावयाचे होते. हा डार्सी पूर्वी ऑस्ट्रेलियात वकिली करीत असे. १९३३ साली त्या मक्त्याच्या जागी नवा करार झाला. १९५१ साली इराणने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि पंतप्रधान झाले मोहम्मद मोसाद्देक. हेही स्वित्झर्लंडमधील कायद्याचे डॉक्टर! मक्ता मिळवणारा कायदेपंडित आणि तो मोडीत काढणाराही कायदेपंडितच.

ब्रिटनने इराणला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. तेथे प्रश्न निघाला, तो या न्यायालयाला खटला ऐकण्याचा अधिकार तरी आहे काय, हा. त्याचे उत्तर इराणच्या एका जुन्या फ्रेंच घोषणापत्रातील वाक्यावर अवलंबून होते. 'नंतरचे' हे विशेषण 'तह' या शब्दाला लागते की 'घटना' या शब्दाला, यावर दोन देशांचे वकील भांडले. ते तहांना लागते, असा इराणने लावलेला अन्वय न्यायालयाने अधिक स्वाभाविक मानला. मग १९३३चा करार हा तह आहे काय? नाही, तो एक सरकार आणि एक परदेशी कंपनी यांच्यातील करार आहे, असे ठरले. १९५२च्या जुलैत निकाल इराणच्या बाजूने लागला, आणि न्यायालयाचे ब्रिटिश अध्यक्ष मॅकनेर यांनीही आपल्या देशाविरुद्ध मत दिले. पुढच्याच वर्षी अमेरिका व ब्रिटन यांच्या गुप्तहेर खात्यांच्या मदतीने मोसाद्देक यांना पदच्युत करण्यात आले, हे खरे. कायद्याने सर्व काही होते, असा माझा दावा नाही. पण कोट्यवधींची संपत्ती एका विशेषणाच्या अन्वयावर तोलली गेली, हे व्याकरणाच्या तासाला जांभया देणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

वाट तशी सरळ आहे. बी. ए. नंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यास, मग सनद आणि एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली उमेदवारी. या क्षेत्रात मोठमोठे करार वाचणे, लवादापुढे बाजू मांडणे, २००६च्या कायद्याने स्थापन झालेल्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळापुढे उभे राहणे, अशी कामे असतात. पैसाही आहे. पण पैसा आहे म्हणून मी हा लेख लिहीत नाही.

१९६२ साली आपल्याकडे पाइपलाइनचा कायदा झाला. या कायद्याने शेतकऱ्याची जमीन जात नाही. सातबारा त्याच्याच नावावर राहतो. सरकार घेते तो केवळ 'वापराचा हक्क'. ऐकायला किती सौम्य! परंतु त्या पट्ट्यात शेतकऱ्याला पुढे घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही. झालेल्या नुकसानीची भरपाई आणि त्याशिवाय जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के, एवढे त्याच्या पदरात पडते. हरकत घ्यावयाची, तर राजपत्रात अधिसूचना निघाल्यापासून एकवीस दिवसांत. कोकणातल्या ज्या माणसाची सारी मदार आंब्या-काजूच्या कलमांवर, त्याने राजपत्र कधी वाचावे? मुदत उलटून गेल्यावर गावाला जाग आली, तर तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, हीच गत. कंपनीच्या बाजूला निष्णात वकील असतात आणि सरकारच्याही असतात. तिसऱ्या बाजूची खुर्ची बहुधा रिकामी असते. ती भरावी, एवढेच माझे म्हणणे.

कोणी म्हणेल, तेलाचे दिवस आता भरत आले. सूर्य आणि वारा यांचे युग येत आहे. येवो बापडे! आटलेल्या विहिरी बुजवायच्या कोणी, समुद्रातले गंजलेले मनोरे काढायचे कोणाच्या खर्चाने, हे प्रश्न मागे उरतीलच. आणि विजेच्या तारादेखील कोणाच्या तरी शेतावरूनच जाणार आहेत.

शेवटी प्राध्यापकांना एक विनंती. राष्ट्रीय सेवा योजनेत आम्ही रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याच्या जोडीला आसपासच्या गावांसंबंधीच्या अधिसूचना सोप्या मराठीत लिहून, हरकतीची शेवटची तारीख ठळक अक्षरांत घालून, त्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचे काम आम्हाला द्यावे. त्याला सनद लागत नाही. चांगले मराठी आणि थोडी चिकाटी लागते. यातून दोघे-चौघे जरी पुढे कायद्याकडे वळले, तरी त्या रिकाम्या खुर्चीला धनी मिळेल.