आधी कागद, मग कार्ड

बोनस हातात पडण्याआधीच त्याला वाटा फुटलेल्या असतात. शाळेची फी, भिशीचा हप्ता, घरावरचे पत्रे. अशा वेळी मुलगा म्हणतो, ‘पप्पा, पीसीला नवीन ग्राफिक्स कार्ड पाहिजे.’ वडील म्हणतात, ‘गेम खेळून पोट भरते काय?’ विषय तेथेच संपतो आणि घरात चार दिवस अबोला राहतो.

पालक बंधू-भगिनींनो, आमच्या मते हा प्रश्न हिशोबाचा आहे. हौस असू नये असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कष्टाचा पैसा कोठे, किती आणि कोणत्या क्रमाने घालावा, हे वहीत लिहिल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये. ही वही मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहावी, पालकांनी ती तपासावी.

पहिली गोष्ट म्हणजे यंत्र कोठे अडते ते शोधणे. ज्यांनी गिरणीत काम केले त्यांना हे ठाऊक आहे. सूतखाते मागे पडले की साचे कितीही नवे असोत, ते रिकामे उभे राहत. कॉम्प्युटरचे तसेच आहे. खेळ चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडावा. खेळ अडखळत असताना ग्राफिक्स कार्डाचा वापर शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर कार्ड अपुरे पडते. कार्ड निम्मे रिकामे असूनही खेळ अडखळत असेल तर दोष प्रोसेसरचा किंवा रॅमचा असण्याचा संभव अधिक. अशा घरात नवे कार्ड आणले तरी पदरात फारसे काही पडत नाही.

आता नमुन्यादाखल एक यंत्र घेऊ. रायझेन 5 2600 प्रोसेसर, 8 जीबी रॅमची एकच स्टिक, साधी हार्ड डिस्क, जीटीएक्स 1650 कार्ड आणि बिननावाचा पॉवर सप्लाय. 2019 च्या सुमारास जुळवलेली अशी यंत्रे आजही अनेक घरांत चालू आहेत.

वहीच्या पहिल्या पानावर बिनपैशाची कामे लिहावीत. पंख्यांतील धूळ काढणे. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलणे. तिला थोडाच खर्च येतो. 3200 वेगाची डीडीआर4 रॅम विकत घेतलेली असते, पण बायोसमध्ये एक्सएमपी चालू न केल्यास ती 2133 किंवा 2400 वरच चालते. पैसे भरलेला वेग वापरात नाही, असे कितीतरी ठिकाणी आढळते. विंडोज 10 चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला. वरील प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसतो. टीपीएम बायोसमधून चालू करता येते. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर मात्र तो त्या यादीत बहुधा बसत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे.

दुसऱ्या पानावर डिस्क आणि रॅम. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 ते 150 एमबी वाचते, साधी साटा एसएसडी 500 च्या वर. यामुळे खेळातील फ्रेम वाढतीलच असे नाही, पण यंत्र लवकर सुरू होते आणि अभ्यासाच्या कामालाही त्याचा उपयोग होतो. रॅम घेताना 16 जीबी दोन स्टिकमध्ये असावी, म्हणजे दोन्ही मार्ग वापरले जातात. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने वाढले. म्हणून तीन दुकानांत विचारावे आणि जुनी स्टिक चांगली असेल तर तिला जोड मिळते का ते पाहावे. डीडीआर5 स्वस्त मिळाली म्हणून आणू नये. डीडीआर4 च्या मदरबोर्डात ती बसतच नाही.

तिसरे पान पॉवर सप्लायचे. येथेच बहुतेकांचा हात आखडतो. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला 75 वॅटपर्यंत वीज मिळते. म्हणून बऱ्याच 1650 कार्डांना वेगळी वायर लागत नाही. पण आरटीएक्स 3060 घ्यावयाचे तर ते एकटेच 170 वॅट खाते आणि कंपनी 550 वॅटचा सप्लाय सुचवते. बिननावाच्या डब्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नये. तो फुटला तर सोबत मदरबोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो. दोन महिने थांबावे लागले तरी चालेल, पण चांगला सप्लाय कार्डाच्या आधी यावा.

चौथे पान प्रोसेसरचे. एएमडीचे एएम4 सॉकेट 2016 मध्ये आले. त्यामुळे 2600 काढून त्याच बोर्डावर 2022 चा 5600 बसू शकतो. मात्र बोर्डाच्या कंपनीची यादी पाहावी आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करावा. अपडेट चालू असताना वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून हे काम यूपीएसवरच करावे. इंटेलमध्ये सॉकेट वारंवार बदलत आले आहे. तेथे प्रोसेसरबरोबर बोर्डही बदलावा लागण्याची शक्यता धरून चालावे.

शेवटच्या पानावर कार्ड. मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर सेकंदाला 60 च्या वरच्या फ्रेम तो दाखवणार नाही; मग 200 फ्रेमचे कार्ड कशाला? मात्र डूम : द डार्क एजेस (2025) सारखे काही खेळ रे ट्रेसिंगच्या कार्डाशिवाय चालतच नाहीत. जुने कार्ड घ्यायचे तर सावध राहावे. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात आली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असो वा आपल्या गावात, कार्ड अर्धा तास चालवून, पंखे व तापमान पाहून मगच पैसे द्यावेत. नव्या मालाचे पक्के बिल सांभाळावे. वॉरंटीच्या वेळी तेच कामी येते.

हप्त्यावर घेण्याचा मोह टाळावा. ‘बिनव्याजी’ म्हटले तरी प्रोसेसिंग फी कोठे लावली आहे ते वाचावे. महिना हजार रुपये बाजूला पडत असतील तर वर्षाला बारा हजार होतात. त्यात पानामागून पान पुरे करावे, आणि प्रत्येक पान झाले की पुन्हा मोजावे. पुष्कळदा तिसऱ्या पानानंतरच मूल सांगते की आता बरे चालते, कार्ड पुढच्या वर्षी पाहू.

ज्या मुलाने ही वही लिहिली त्याला वॅट, वेग, भाव आणि गरज यांचा मेळ घालता आला. त्याच्या मागणीला मग ‘नाही’ म्हणायचे झाले तरी कारण सांगूनच म्हणावे लागेल. एवढा मान त्याने कमावलेला असतो.